तारेनं बांधलेला कठडा

आमच्या धंद्यात माल महिनोन्‌महिने पडून राहतो, पण किस्से रोज नवे येऊन पडतात. ऐकणारे हसतात. हसा! माझं मात्र डोकं तापतं.

आमच्या ह्यांचा जुन्या लोखंडाचा धंदा. जुन्या नाशकात एखादं घर पाडायला निघालं की तिथले कठडे, जाळ्या, गेटं विकत आणायची आणि नव्या बंगलेवाल्यांना विकायची. खाली अंगणात माल, वर आमची खोली.

*

पिंपळगावच्या एका द्राक्षवाल्यानं बिडाचं गेट पसंत केलं. त्यावर जुन्या मालकाच्या नावाचं अक्षर होतं, चांगलं वीतभर ‘ग’. हे म्हणाले, कापून देतो.

तो म्हणाला, “राहू द्या. नातवाचं बारसं व्हायचंय अजून.”

*

एका घरमालकानं खिडक्यांचे गज ह्यांना विकले. भाडेकरीण लेकरांसकट आतच! हे छिन्नी-हातोडा घेऊन गेले, तर बाई खिडकीत मांडी घालून बसली. म्हणाली, “आधी मला उचला, मग गज उचला.”

हे हात हलवत परत आले आणि उलट तिलाच कजाग म्हणाले. मी म्हटलं, बाई शहाणी आहे. त्या दिवशी आमटी खारट झाली होती. चुकून नव्हे.

*

आमच्या गॅलरीचा मूळचा कठडा ह्यांनी लग्नाआधीच विकलेला. पोरगी रांगायला लागली तशी मी मागे लागले. मग एक जुना कठडा आणला आणि नुसता तारेनं बांधला. पक्का बसवला तर काढताना मोडतो म्हणे! वर सिमेंटला परमिट लागतं, हे कारण तयारच.

गिऱ्हाईक अंगणभर माल सोडून नेमकं वर बघतं. तो कठडा गेला. दुसरा बांधला, तोही एका डॉक्टरच्या मनात भरला. मी आत भाकरी थापत होते. ह्यांनी पकडीनं तारा तोडल्या, कठडा खाली नेला, मला सांगितलंसुद्धा नाही. मी मागे वळून बघते तर पोरगी अगदी कडेला, खालच्या टेम्पोकडे हात करतेय. फ्रॉकला धरून ओढली तिला. आणि हे खालून म्हणतात, “पुढच्या आठवड्यात याच्याहून भारी आणतो.”

तेव्हापासून पोरीला माझ्या जुन्या साडीनं खाटेच्या पायाला बांधून ठेवते. जनावरासारखं.

*

मग एकदा हे माल बघायला सायखेड्याला गेले. मागे एक गिऱ्हाईक आलं. त्याला मापात बसेल असं गेट अंगणात एकही सापडेना. जाता जाता त्याची नजर आमच्याच फाटकावर गेली, ज्याला हे रोज कुलूप लावतात त्यावर. विचारलं, हे देता का?

मी दिलं. बिजागऱ्यांसकट.

संध्याकाळी हे आले आणि रस्त्यातच उभे राहिले. “अगं, फाटक कुठंय? सगळा माल उघड्यावर पडलाय!”

मी पोरीला कडेवर घेऊन बिनकठड्याच्या गॅलरीतून सांगितलं, “मी दिवसभर पोरीपाशी बसते. आता तुम्ही मालापाशी बसा.”