बसलेल्या माणसाची बंदूक

"आता टर्की कुठे आहे असं समजू?" डंकनने बंदूक खांद्याला लावून विचारलं.

"वर," मी म्हटलं. "त्या ट्यूबलाइटवर नेम धर."

टर्की हा पक्षी. पक्षी वर असतो. माझं पक्षिशास्त्र तेव्हा एवढ्यावर संपत होतं. डंकनने आज्ञाधारकपणे छताकडे नेम धरला आणि मी टेप घेऊन त्याच्याभोवती फिरायला लागले. बंदूक अर्थातच रिकामी होती. डोकं कुणाचं रिकामं होतं ते पुढे येईलच.

हे दुकान ग्लासगोच्या बाहेर, शेतांच्या मध्ये. बंदुका, काडतुसं, वेलिंग्टन बूट आणि जाड लोकरीचे मोजे. माझे यजमान ग्लासगोच्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. मी पुण्यात एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंची मापं काढून त्यांना नावं ठेवायची. इथे आल्यावर 'अचूक मोजमाप येणारी व्यक्ती हवी' अशी जाहिरात दिसली, मी गेले, आणि मला मोजे विकायला उभं केलं. सांगलीला आईला फोनवर सांगितलं, स्पोर्ट्सचं दुकान आहे. तिला वाटलं कॅरम. माझ्या हातात तोवर आलेलं सगळ्यात घातक हत्यार म्हणजे सांडशी. आज माझी नातवंडं शाळेत "आमची आज्जी गन शॉपमध्ये होती" असं सांगतात, तेव्हा शिक्षिका मला गेटपाशी बाजूला घेऊन हळूच खात्री करून घेतात.

दुकानाचा मालक अ‍ॅलिस्टर. बारा महिने जाड लोकरी ट्वीडचा कोट, मे महिन्यातसुद्धा. मी रोज त्याच्यामागे भुणभुण लावायचे की मला फिटिंग रूममध्ये घ्या. शेवटी तो कंटाळला.

"एक गिऱ्हाईक तुला देतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत तुझं. तो खूश झाला तर फिटिंग रूम तुझी."

"आणि नाही झाला तर?"

"मोजे," अ‍ॅलिस्टर म्हणाला.

फिटिंग म्हणजे काय ते सांगते. बंदूक रेडीमेड मिळते, पण ब्लाउजसारखी ती अंगावर बसवून घ्यावी लागते. खांद्याला टेकतो तो भाग म्हणजे दस्ता. तो लांब झाला तर कोटात अडकतो, आखूड झाला तर बार उडाल्यावर स्वतःचाच अंगठा नाकावर आदळतो. गाल दस्त्यावर टेकला की डोळा नळीच्या बरोबर रेषेत यायला हवा. डोळा जरासा वर राहिला तर छर्रेही वर जातात. मग चोक. नळीच्या तोंडाशी आट्यांनी बसवायचा हा एक छोटा तुकडा. सोऱ्याची चकती बदलली की त्याच पिठाची शेव जाड होते किंवा बारीक, तसं चोक बदलला की तेच छर्रे पसरून जातात किंवा मूठ आवळून जातात.

आमच्याकडे येणारी माणसं फेझंट नावाचा रानपक्षी मारायची. फेझंट हवेत उडतो, वर चढतो. म्हणून छर्रे पसरायला हवेत आणि नेमापेक्षा थोडे वर जायला हवेत. हे मला तोंडपाठ होतं. तोंडपाठ असलेल्या गोष्टीचा एक फायदा असतो, विचार करावा लागत नाही.

डंकन होता दातांचा डॉक्टर. बिचाऱ्याने जन्मात बंदूक धरली नव्हती. त्याचं अमेरिकेतल्या मुलीशी लग्न ठरत होतं आणि तिच्या वडलांनी त्याला वसंतातल्या टर्कीच्या शिकारीला बोलावलं होतं. आपल्याकडे कांदेपोहे, त्यांच्याकडे टर्की. पोलिसांचं सर्टिफिकेट मिळवून तो थेट आमच्याकडे आला होता.

"मला एवढंच हवंय," तो म्हणाला, "की त्यांच्यासमोर मी गाढव दिसू नये."

"माझ्यावर सोड," मी म्हटलं. वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मी मापं घेतली. दस्त्याची लांबी, गालाची उंची, खांद्याकडचा कल. एक केस इकडचा तिकडे नाही. डंकन शर्टात, ताठ उभा, नजर ट्यूबलाइटवर. मोकळा चोक लावला. मग दुकानामागच्या रेंजवर गेलो. तिथे पांढरा रंग फासलेला लोखंडी पत्रा उभा असतो. त्यावर बार काढायचा आणि छर्रे कुठे लागले ते बघायचं. डंकनने उभ्याने बार काढला. पत्र्यावर छर्ऱ्यांचं असं सुबक वर्तुळ उमटलं, जणू कुणी तांदूळ निवडायला पसरलेत. नेमापेक्षा थोडं वर, हवं तसंच.

"सुंदर," अ‍ॅलिस्टर म्हणाला. मी मनात फिटिंग रूमचे पडदे बदलून टाकले.

तेवढ्यात डंकनने खिशातून मोबाइल काढला. "सासऱ्यांनी व्हिडिओ पाठवलाय. बघायचाय का?"

आम्ही तिघं त्या एवढ्याशा पडद्यावर वाकलो. एक माणूस झाडाला टेकून जमिनीवर बसलेला, जाडजूड जाकीट घातलेला. बराच वेळ काहीच नाही. मग समोरून एक टर्की चालत आला. उडत नाही. चालत. मालकाने बोलावलेल्या मॅनेजरसारखा, छाती काढून. थांबला, मान उंच केली, आणि त्या माणसाने बसल्या जागेवरून त्याच्या डोक्यावर बार काढला.

अ‍ॅलिस्टरने टोपी काढून हातात घेतली.

"त्याने पक्षी उभा असताना मारला?" अ‍ॅलिस्टरचा आवाज फाटला होता.

"हो. पक्षी उभा, माणूस बसलेला," डंकन म्हणाला.

"तेच म्हणतोय मी! सगळं उलटं आहे!"

इथल्या शिकारी लोकांत जमिनीवरचा पक्षी मारणं म्हणजे पंगतीत शेजारच्याच्या ताटातली जिलबी उचलण्यासारखं. अ‍ॅलिस्टरने टोपी डोक्यावर घट्ट बसवली. "गिऱ्हाईक तुझं आहे, सुधा," एवढं बोलून तो दुकानात निघून गेला.

मला कळलं की फेझंटची बंदूक टर्कीला चालायची नाही. पण मान्य करेल ती मी कसली! मी पत्र्याला नवा रंग दिला, काळ्या रंगाने टर्कीची मान आणि डोकं काढलं. सुरईसारखं काहीतरी झालं. डंकनला म्हटलं, "गाडीतलं जाकीट घाल, खाली बस आणि मार."

तो खाली बसला म्हणण्यापेक्षा कोसळला. दोन्ही पाय समोर सरळ, पाठ मागे कलंडलेली, जाड जाकिटात दस्ता अडकलेला, मान वर ताणलेली. बार काढला. आम्ही जवळ जाऊन पाहिलं. सुरईला ओरखडा नव्हता. सगळे छर्रे डोक्याच्या वर आणि भोवती, अर्धवर्तुळात. मी टर्कीला प्रभावळ काढून दिली होती. फक्त उदबत्ती लावायची बाकी होती.

"हा मेला का?" डंकनने विचारलं.

"याला मोक्ष मिळाला," मी म्हटलं. पण डोळ्यांसमोर मोजे दिसायला लागले.

घरी जाऊन मी सगळे आकडे पुन्हा तपासले. एकही चुकलेला नव्हता. ह्यांना म्हटलं, "अहो, माप बरोबर आहे, बंदूक बरोबर आहे, तो डंकनच चुकीचा आहे."

हे पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "आमच्याकडेही असंच असतं. ऑपरेशन यशस्वी, पेशंट तेवढा सहकार्य करत नाही."

हे बोलले ते मला लागलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी ट्वीडच्या स्कर्टसकट गालिच्यावर बसले. भिंतीला पाठ टेकली, एक पाय दुमडला, दुसरा गुडघा उभा केला. ही बैठक मला कुणी शिकवायला नको होती. लहानपणापासून विळीवर बसून भाजी चिरली होती, नारळ खवले होते. रिकामी बंदूक त्या उभ्या गुडघ्यावर टेकवली, आणि काय सांगू, ती तिथे मुक्कामालाच आल्यासारखी स्थिर झाली. मात्र दस्ता चांगलाच लांब वाटायला लागला. बसल्यावर खांदे समोर येतात, मान पुढे जाते, अंगात जाकीट असतं. माणूस तोच, माप निराळं. मी एका उभ्या माणसाला शिवलेले कपडे बसलेल्याला घालत होते, आणि वर तो जाड झाला म्हणून त्यालाच बोल लावत होते.

डंकनला बोलावलं, जाकिटासकट. गालिच्यावर बसवलं. त्याचा गुडघा उभा करायला मला दोन्ही हात लावावे लागले.

"आई गं" याला स्कॉटिश भाषेत जे काही म्हणतात ते तो म्हणाला.

अ‍ॅलिस्टर दारात येऊन उभा. मागे बूट घ्यायला आलेली एक बाई. "हे काय चाललंय? योगा?"

"नाही. भाजी चिरायची बैठक आहे."

त्याने बाईंना दुसऱ्या दाराने आत नेलं.

मग मी बसलेल्या डंकनची मापं घेतली. दस्त्याच्या टोकाचा एक थर काढून तो आखूड केला. दस्ता आणि नळी यांच्यामधली पातळ चकती बदलून गाल खाली आणला, म्हणजे छर्रे नेमाच्या वर न जाता नेमावरच पडतील. चोक सगळ्यात आवळलेला. आणि डंकनला घरचा अभ्यास दिला: रोज लंच अवरला क्लिनिकच्या फरशीवर असंच बसायचं. त्याच्या नर्सने म्हणे पेशंटना सांगून ठेवलं होतं की डॉक्टरांची पाठ धरलीये.

पुन्हा रेंज. डंकन टेकून बसला, गुडघा उभा, बंदूक गुडघ्यावर. बार. सुरईचं डोकं आणि मान चाळणीसारखी झाली होती. बाजूच्या रंगावर फारसं काही नव्हतं.

अ‍ॅलिस्टरने पत्रा जवळून पाहिला. "उत्तम काम," तो म्हणाला. "आणि अतिशय असभ्य."

डंकन अमेरिकेला गेला. मी मोजे विकत राहिले आणि दर वेळी दार वाजलं की दचकत राहिले. शेवटी तो आला, हसत, हातात चॉकलेटचा डबा.

"कशी चालली बंदूक?" मी काउंटरवरून जवळजवळ उडीच मारली.

"एकदम झकास! सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी हातात घेऊन बघितली, आणि मग सोडलीच नाही. टर्की आला, त्यांनीच मारला. म्हणाले, इतकी अंगाला बसणारी बंदूक आयुष्यात धरली नव्हती."

त्या गृहस्थांना मी कधी पाहिलेलंही नव्हतं.

"आणि तू?"

"मी शेजारी बसलो होतो. सकाळभर न हलता! ते दर थोड्या वेळाने कूस बदलत होते, मी नाही. म्हणाले, आत्तापर्यंत आलेल्या मुलांपैकी स्वस्थ बसता येणारा पहिलाच. लग्न सप्टेंबरात आहे."

अ‍ॅलिस्टर मागून ऐकत होता. "म्हणजे तू एकही बार काढला नाहीस?"

"नाही."

"शाब्बास," अ‍ॅलिस्टर म्हणाला आणि त्याच्याशी हस्तांदोलन केलं. मग माझ्याकडे वळून, जरा नाइलाजाने, "खूश दिसतोय."

फिटिंग रूम मला मिळाली. मी ज्याची मापं घेतली त्याने बंदूक चालवली नाही, आणि ज्याने चालवली त्याची मापं मी घेतली नव्हती. कुशल कारागीर म्हणून माझी ख्याती या पायावर उभी आहे. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी टेपला हात लावण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत आले, "बंदूक हातात असताना तुम्ही नक्की काय करणार आहात?" बहुतेक जण उभं राहणार असतात. एक म्हातारे गृहस्थ मात्र प्रामाणिक निघाले. म्हणाले, "बाई, मी बहुधा चुकवणार आहे." त्यांना मी मऊ गादीचा दस्ता दिला. निदान खांदा दुखू नये.