रुमालाखालचा हात

लग्न होऊन मी पुण्याला निघाले, तेव्हा घोडेगावच्या स्टँडवर बाजाराची गर्दी होती. वडिलांनी माझी पेटी एसटीच्या टपावर चढवली आणि म्हणाले, "खिडकीपाशी बस, न्हाईतर उलटी हुईल." आई म्हणाली, "तू लई बोलत न्हाईस, सासरी तेवढं एक बरं हाय." रस्त्यापलीकडे शमुवेल उभा होता. लहानपणी आम्ही दोघांनी मिळून शेळ्या राखल्या होत्या. चौथीनंतर माझी शाळा सुटली, तरी शेळ्यांमागचं फिरणं काही वर्षं चाललं. एसटी हलेपर्यंत तो तिथंच उभा राहिला. तुला जायचंय का, असं मला कोणी विचारलं नव्हतं. तेव्हा विचारायची रीतच नव्हती.

पुण्यानं मला वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. नवरा कंपनीत होता, माणूस शांत. त्याच्या शिफ्टप्रमाणे माझा स्वयंपाक चाले. पुढं मुलानं आठव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. पहिल्यांदा लिफ्टमध्ये मी डोळे मिटून घेतले होते. नंतर दोन्ही हातांत पिशव्या असल्या की कोपरानं बटण दाबू लागले. नवरा गेला आणि मी सगळ्यांची आई, आजी, काकू झाले. मार्था म्हणून हाक फक्त दवाखान्यातली नर्स मारायची.

मागच्या हिवाळ्यात भावाकडे आले. त्याला शेळी घ्यायची होती, म्हणून शुक्रवारी त्याच्याबरोबर बाजारात गेले. शेळी दाखवणारा माणूस माझ्याकडं बघतच राहिला. "मार्था ना तू? पुन्याचं पानी पिऊन बी बोलाया शिकली न्हाईस व्हय?"

शमुवेल होता. केस पांढरे झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, हे भावाकडून कळलं होतं.

आमच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. रुमालाखाली हातात हात घेतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. पटलं नाही तर हात काढून घ्यायचा. शमुवेल भावाला म्हणाला, "दाजिबा, तू बाजूला सर. शेळ्या हिनं राखल्यात, सौदा हीच करंल." आणि त्यानं रुमाल टाकून हात पुढं केला.

मी हात दिला. त्यानं एकही बोट दाबलं नाही. नुसता हात धरून शेळीकडं बघत म्हणाला, "बघ बाई, जमतंय का?"

माझ्या मनात मुलगा आला, सून आली, लोक आले. पण मी हात काढला नाही.

"किती झालं?" भाऊ विचारत होता.

"अजून चाललंय," शमुवेल म्हणाला.

शमुवेलशी लग्न करायचं ठरवलं, पण ते मुलाला फोनवर सांगायला मला आठवडा लागला. तो म्हणाला, "आई, तुला इथं काय कमी आहे?" मी म्हटलं, "काही कमी नाही रे. पण मला जायचंय." एवढं सरळ मी आयुष्यात बोलले नव्हते. त्यानं फोन ठेवून दिला आणि मग त्याचा फोन आलाच नाही.

आम्हा ख्रिस्ती लोकांत लग्नाआधी रविवारी चर्चमध्ये दोघांची नावं वाचतात आणि कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. मार्चमधल्या एका रविवारी पाळकांनी आमची नावं वाचून तसं विचारलं, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी उठल्याचा आवाज झाला. वळून पाहिलं तर माझा मुलगा. न सांगता आलेला.

तो भिंतीपाशी गेला, पंखा वाढवला आणि परत जाऊन बसला.

बाहेर आल्यावर माझ्याकडं न बघता शमुवेलला म्हणाला, "काका, मे महिन्यात पोरांना पाठवू का? शाळेत सगळी विचारतात, तुमचं गाव कुठलं. त्यांना सांगता येत नाही."

पुण्यात असताना मी गावाकडं जायचे. आता माझ्या नातवंडांना जायला गाव आहे, आणि ते गाव मी आहे.