सात नंबरचा उसना फोन

मोबाइल दुरुस्तीच्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये पाच काउंटर होते आणि शेवटचा, खांबाआडचा काउंटर उसनवारताईंचा. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं. विमा उतरवलेला फोन फुटला, पाण्यात पडला, की दुरुस्त होईपर्यंत गिऱ्हाइकाला वापरायला एक तात्पुरता फोन मिळायचा. असे बारा फोन ताईंच्या ताब्यात होते. प्रत्येकाच्या पाठीवर नंबराची चिकटपट्टी. फोन परत आला की ताई तो कापडाने पुसत, आतलं सगळं मिटवत आणि चार्ज करून खणात ठेवत. "आपलं काही यात विसरू नका हं," असं त्या प्रत्येकाला बजावत, तरी लोक विसरतच. कुणाचे फोटो, कुणाची किराण्याची यादी. ताई ते न बघता मिटवत. निदान तसं सांगत तरी.

याआधीची एकवीस वर्षं त्यांनी एका शाळेच्या ऑफिसात काढली होती. गैरहजर मुलांची कारणं वहीत लिहायचं काम त्यांच्याकडे असे. मूल खाली मान घालून उभं राहिलं, की ताईच विचारायच्या, "पोट दुखत होतं ना?" मूल मान डोलवायचं, ताई लिहायच्या, प्रकरण मिटायचं. पुढे शाळा बंद पडली आणि ही सवय ताईंबरोबर इथे आली. विम्याच्या फॉर्मवर एक रकाना होता, 'नुकसान कसे झाले'. गिऱ्हाईक तिथे अडखळलं, की ताई म्हणायच्या, "हातून निसटला ना?" समोरचा माणूस सुटल्यासारखा 'हो' म्हणायचा. रांग भराभर पुढे सरकायची. साहेब खूश, लोकही खूश. आपण माणसांना अवघडल्यासारखं होऊ देत नाही, याचा ताईंना थोडा अभिमानसुद्धा होता.

एका गुरुवारी सकाळी एक नर्स आली. घरोघर जाऊन पेशंट बघणारी, खांद्याला जडशीळ पिशवी. पेशंटला अंघोळ घालताना तिचा फोन बादलीत पडला होता.

"पाच दिवस लागतील," ताई म्हणाल्या.

"लागू देत. पण मला हातात काहीतरी द्या. चौदा घरं आहेत माझी. त्यातल्या दोघी बाळंतपणाला टेकल्यात. त्यांनी फोन केला आणि मी उचलला नाही तर?"

ताईंनी खण उघडला. आतमध्ये नुसत्या वायरी. अकरा फोन बाहेर गेलेले होते, ते नियमाप्रमाणे. बारावा, म्हणजे सात नंबरचा, नऊ दिवसांपूर्वीच परत यायला हवा होता. त्या गिऱ्हाइकाचा स्वतःचा फोन दुरुस्त होऊन कपाटात पडला होता. ताईंनी त्याला तीनदा फोन केला होता. तीनही वेळा त्या गृहस्थांनी अगदी नम्रपणे "येतो, येतो" म्हटलं होतं आणि आले नव्हते.

ताईंनी नोंदवहीतला पत्ता बघितला. दोन गल्ल्या सोडून तर घर होतं.

"तीनपर्यंत या," त्या नर्सला म्हणाल्या, "मी बघते काय होतंय ते."

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून त्या निघाल्या. तिसरा मजला, अरुंद जिना, प्रत्येक वळणावर कुणाची ना कुणाची सायकल. दार उघडलं ते सत्तरीच्या, ताठ कण्याच्या एका गृहस्थांनी. आयुष्यभर जमिनींची मोजणी केलेला हा माणूस. भिंतीवर जुने नकाशे होते, सगळे एका रेषेत लावलेले. टेबलावर सात नंबरचा फोन होता आणि त्याच्याखाली एक रुमाल घडी घालून ठेवलेला.

"फोन न्यायला आलात," मोजणीदार म्हणाले. त्यांना हे अपेक्षितच असावं.

"हो काका. तुमचा तयार होऊन बरेच दिवस झालेत. आज एका नर्सबाईंना याची फार नड आहे." ताईंनी बादलीपासून बाळंतिणींपर्यंत सगळं सांगितलं.

ते ऐकताच मोजणीदारांनी फोन उचलून पुढे केला. "मला वाटलं, एक फोन माझ्याकडे राहिला तर कुणाचं काय अडणार आहे. चुकलं माझं. घेऊन जा."

"आणि तुमचा? तुम्ही पण चला ना बरोबर. एक सही केली की झालं."

"त्या सहीमुळेच तर येत नाही मी."

ताईंना काही कळेना. मोजणीदारांनी खुर्ची पुढे सरकवली. ताई टेकल्या.

"फोन घेताना सही करायची ती 'दिलेली माहिती खरी आहे' याच्याखाली ना?" ते म्हणाले. "ती खरी नाही. फोन माझ्या हातून निसटला नव्हता. मी फेकला. त्या तिथून." त्यांनी गॅलरीकडे बोट दाखवलं.

बायको दोन वर्षं आजारी होती. औषधांच्या वेळा चुकायला नकोत म्हणून तिने स्वतःच नवऱ्याच्या फोनमध्ये सात गजर लावले होते आणि प्रत्येकाला नाव दिलं होतं. 'पांढरी गोळी'. 'अर्धी गोळी'. 'चालायला चला, कारणं नकोत'. ती गेली, तरी गजर वाजत राहिले. बंद करायला मोजणीदारांचा हात धजावेना आणि ऐकवेनाही. एका दुपारी सव्वाचारला 'डोळ्यांत थेंब' वाजला, आणि त्यांनी फोन उचलून तीन मजले खाली भिरकावला.

"मग?" ताईंनी विचारलं.

"मग काय! अनवाणी धावत गेलो खाली. जिन्यात दोनदा धडपडलो. काचेचा पार भुगा झाला होता, आणि हा आपला वाजतोच आहे." ते क्षणभर हसले. "तुमच्याकडे आलो तेव्हा काय सांगायचं ते घोकून आलो होतो. सांगणारच होतो. पण तुम्हीच म्हणालात, 'हातून निसटला ना?' इतक्या मायेने विचारलंत, की मी हो म्हणून गेलो. चाळीस वर्षं मी लोकांच्या हद्दी मोजल्या. कुणी वीतभर दगड सरकवला तरी ऐकून घेतलं नाही. आणि स्वतःच्या बाबतीत हे."

ताईंचा चेहरा उतरला. त्या माणसाच्या तोंडी खोटं आलं ते आपण घातलं म्हणून, हे त्यांना लख्ख दिसलं. आणि हे एकच नव्हे. दिवसाला वीस-पंचवीस फॉर्म, त्यातले निसटलेले किती, आपटलेले किती, कुणी कुणाच्या अंगावर फेकून मारलेले किती, देव जाणे. शाळेतली मुलंही आठवली. पोट न दुखणारी. त्यांतलं एखादं काही वेगळं सांगायच्या बेतात असेल, आणि आपण त्याच्या आधीच लिहून मोकळ्या झालो असू.

"काका," त्या अखेर म्हणाल्या, "खरं लिहिलं तर विमा मिळणार नाही. दुरुस्तीचे पैसे तुम्हाला भरावे लागतील."

"भरतो की. तेवढं आहे माझ्यापाशी."

दोघं बरोबरच जिना उतरली.

तीनच्या ठोक्याला नर्स आली. ताईंनी सात नंबरचा फोन पुसून तिच्या हातात ठेवला. तिने तिथेच सिम घातलं, आणि फोन सुरू होताच वाजला. "हो, हो, निघालेच. कळा किती वेळाने येतायत?" असं विचारत ती पाठमोरी झालीसुद्धा.

मग ताईंनी मोजणीदारांचा फॉर्म काढला. मोजणीदारांनी ठळक अक्षरात खरं कारण लिहिलं, सही केली, तारीख घातली. त्याखाली ताईंनी स्वतःच्या हाताने आणखी एक ओळ जोडली. 'आधीचे कारण गिऱ्हाइकाने सांगण्यापूर्वी मीच सुचवले होते.'

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. "ताई, मंजूर झालेला क्लेम होता हा! असलं लिहून द्यायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"वर जाब मला द्यावा लागतो."

"माझं नाव सांगा ना. त्यासाठीच तर लिहिलंय."

क्लेम नामंजूर झाला. ताईंना लेखी ताकीद मिळाली आणि दोन महिने त्यांच्याकडून फॉर्मचं काम काढून घेतलं गेलं. नुसते फोन पुसायचे आणि नंबर लावायचे. वाईट वाटलं नाही असं नाही. संध्याकाळी घरी त्यांनी बहिणीला सगळं सांगितलं. बहीण म्हणाली, "इतकी वर्षं नोकरीत एक बोट दाखवू दिलं नाहीस कुणाला, आणि आता हे?"  पण त्या रात्री ताईंना झोप मात्र छान लागली.

क्लेम नामंजूर झाल्यावर मोजणीदारांनी पैसे भरून फोन घेतला, पण ते लगेच घरी गेले नाहीत. सेंटरमधल्याच बाकावर बसून त्यांनी तो चालू केला. ताई जवळ जाऊन म्हणाल्या, "गजर कसे बंद करायचे ते दाखवू का?"

"मला येतं," ते म्हणाले. "तुम्ही फक्त इथे बसा थोडा वेळ."

ताई बसल्या. मोजणीदारांनी एकेक नाव वाचून दाखवलं आणि एकेक गजर बंद केला. 'चालायला चला' पाशी ते थांबले, चष्मा काढून पुसला आणि तोही बंद केला. "चालायला जाईन मी," ते म्हणाले. "कुणी सांगायला नको आता."

फॉर्मचं काम ताईंकडे परत आलं, तेव्हा त्या नुसतं "काय झालं?" असं विचारू लागल्या आणि गप्प राहू लागल्या. पहिल्या आठवड्यात रांग दारापर्यंत गेली. साहेब काचेतून हातवारे करत. गप्प राहणं ताईंना फार जड जाई. शब्द अगदी जिभेवर येत. पण लोक बोलत. एक प्रौढ बाई म्हणाल्या, "भांडणात आपटला. विमा मिळणार नाही ना? असू दे. कुणालातरी सांगायचं होतं." बहुतेकांचे फोन खरोखरच हातून निसटलेले निघाले, ते मात्र ताईंना थोडं गमतीचं वाटलं.

वर्ष सरत आलं तसा एके दिवशी काउंटरवरचा फोन वाजला. मोजणीदार बोलत होते. ते आता आपल्या बहिणीकडे राहायला गेले होते, तिच्या नातवंडांना नकाशे वाचायला शिकवत होते.

"विम्याची मुदत संपतेय म्हणून पत्र आलंय," ते म्हणाले. "पुन्हा काढू का नको?"

"काढा काका. पोरं आहेत ना घरात."

"तेच म्हणतो. या खेपेला मी अटी पूर्ण वाचल्या. चौदा पानं. नवव्या पानावर 'हेतुपुरस्सर नुकसान'मध्ये एक स गाळलाय. तुमच्या साहेबांना सांगा."

"सांगते," ताई म्हणाल्या, आणि हसू आवरत त्यांनी समोरच्या कागदावर लिहून घेतलं.