पडद्यावरचा आवाज

नायगावच्या बीडीडी चाळीत तो लाकडी खोका दुसऱ्या मजल्यावर चढवायला चौघं लागले, आणि चौघांनीही कुशाबाला वेड्यात काढलं. गिरणीच्या सुट्टीत भायखळ्याच्या एका पारशी बंगल्यात तो वायरिंगच्या कामाला गेला होता. मालक मुंबई सोडून चालले होते. त्यांच्या विलायती सामानातला, भंगारात निघालेला हा खोका त्यानं मागून घेतला. नावाची पट्टी उखडलेली, पुढे ताटलीएवढी फुगीर काच.

"हे काय आणलंत?" त्याच्या बायकोनं, सुंदराबाईनं विचारलं.

"टेलिव्हिजन."

साल अठ्ठावन्न. देशात टेलिव्हिजनचं केंद्रच नव्हतं. कुशाबानंही तो फक्त मासिकातल्या फोटोत पाहिलेला. पण लढाईत तो पलटणीच्या वायरलेस विभागात होता. व्हॉल्व्ह, म्हणजे रेडिओतले काचेचे दिवे, त्याच्या हातातले होते. मागचा पत्रा काढून त्यानं ते मोजले. सतरा! एक फुटलेला. त्याच्या जागी नवा घ्यायला तो गिरगावात रघुवीरशेठच्या रेडिओच्या दुकानात गेला.

टेलिव्हिजनसाठी हवाय म्हणताच शेठ गिऱ्हाइकांदेखत हसले. "अरे, दवाखान्यातलं यंत्र असेल ते. काळजाचे ठोके बघायचं."

"मग त्याला लाउडस्पीकर कशाला, शेठ? आणि एरियलची जागा?"

शेठनी व्हॉल्व्ह काढून पुढे सरकवला. "रविवारी येतो. दाखव."

कुशाबानं आठवडाभर गिरणीतून आल्यावर एकेक वायर तपासली, सुकलेले कंडेन्सर बदलले. केंद्रच नाही तर चित्र कुठून आणायचं, हा प्रश्न उरला. मग त्याला सुचलं, चित्राच्या जागी आवाजच पाठवायचा. बुद्धजयंतीच्या मंडळाचा माइक आणि अ‍ॅम्प्लिफायर त्यानं मागून आणला आणि पडद्याला चित्र पुरवणाऱ्या व्हॉल्व्हला जोडला.

रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बटण दाबलं. व्हॉल्व्ह एकेक करून लालसर झाले, पण काच काळीच. मिनिट गेलं. शेठनी चपला शोधायला मान वळवली, आणि काच उजळली. काठोकाठ, निळसर पांढरी.

"उजेड तर बल्बही देतो," शेठ पुटपुटले.

कुशाबानं माइक बायकोपुढे धरला. "सुंदरा, मोर्च्यात देतेस तशी घोषणा दे!"

सुंदराबाईनं पदर खोचला. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" सगळी चाळ गरजली.

पडद्यावर काळे-पांढरे पट्टे उसळले. आवाज चढला तसे दाटले, थांबला तसे विरले. सुंदराबाई बघतच राहिली. तिचा आवाज तिला दिसत होता.

शेठ वाकून बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "कुशाबाराव, चुकलो मी. ठोक्यांच्या यंत्रात नुसती एक रेघ दिसते, इथे काच काठोकाठ भरली. टेलिव्हिजनच आहे. विकता का?"

दुकानातला 'अरे' गेलेला कुशाबानं टिपला.

"नाही शेठ. माझा आहे तो."

तेवढ्यात शेजारची म्हातारी गंगुबाई माइकजवळ सरकली. "माजी ओवी बी दिसंल का रं?"

"दिसेल की, म्हण!" कुशाबा म्हणाला, आणि तिच्या मागे जिन्यापर्यंत रांग लागली.