मास्तरांचा सोलापुरी माल

लग्नाला सहा वर्षं झाली तेव्हा आम्हाला चार मुलं होती, आणि मी तुळजापूरच्या सरकारी मदरशात गणित शिकवत होतो. (निजामाचं राज्य, शाळेला मदरसाच म्हणत.)

चौथ्या खेपेला माझी बायको यमुना पार गळून गेली. सुईण चंद्राबाईनं मला अंगणातच गाठलं. "मास्तर, आता दोन वरीस हिला इसावा द्या. न्हायतर हिचं काय खरं न्हाय!"

मी घाबरलो आणि उपाय शोधायला लागलो.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अंगावर पाजतीय तंवर भ्याव न्हाय." (याच भरवशावर आमची तिसरी झाली होती!) मग हकीमसाहेबांचा काढा आणला. एका घोटात यमुनेला उलट्या सुरू! त्या बघून माझ्या आईनं गल्लीभर पेढे वाटले!

मग दिवस मोजायचे ठरले. यमुना तिथीनं मोजायची, मी तारखेनं.

"अहो, आज न्हाय!"

"माझ्या हिशेबानं चालतंय!"

"मग हिशेबच घेऊन झोपा!"

भांडण असं जुंपलं, की महिनाभर दुसऱ्या कुठल्या उपायाची गरजच पडली नाही.

शेवटी सोलापूरच्या एका डॉक्टरांनी पुरुषानं वापरायच्या रबरी पिशव्या सुचवल्या. डझनभर घेतल्या आणि मोटारीनं निघालो. निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. नाकेदार रहमानसाहेबांनी पुडी उघडली, एक पिशवी चिमटीत धरून ताणली.

"मास्तर, ये क्या चीज है?"

मागं वीस उतारू उभे! माझ्या तोंडून निघालं, "फुगे!"

"ऐसे फुगे? ना रंग, ना धागा!" म्हणत साहेबांनी ती तोंडाला लावून फुगवली. कलिंगडाएवढी झाली! उतारू टाळ्या वाजवायला लागले. शेवटी मी त्यांच्या कानात खरं सांगितलं. साहेबांच्या तोंडून आणि फुग्यातून हवा एकदमच गेली. ओठ पुसत त्यांनी मला बाजूला नेलं.

"सच्ची में काम करता?"

"डॉक्टर तर तसं म्हणतात."

"हमारे नौ हैं, मास्तर," साहेब पडेल आवाजात म्हणाले. "अगली बार हमारे वास्ते बी लाओ."

पण ते वीस उतारू काही बहिरे नव्हते! आठवड्याभरात शिंपी आला, वाणी आला, ज्यांच्यापुढं मी उभा राहायला भ्यायचो ते हेडमास्तरही आले. सगळ्यांचा प्रश्न एकच, तोही कुजबुजत : "शनिवारी सोलापूरला जाणार का?" मी दर शनिवारी जायला लागलो. प्रत्येकाची बायको अशक्त, प्रत्येकाची निकड मोठी. आमच्या वाट्याची शेवटची पुडीसुद्धा मी शिंप्याला देऊन टाकली.

यमुना एवढंच म्हणाली, "गावच्या बायकांची काळजी घेताय. घरच्या बाईची कुणी घ्यायची?"

"पुढच्या शनिवारी नक्की!" मी म्हणालो. तो शनिवार आलाच नाही. पाचव्याची चाहूल मात्र आली.

बाळंतपणाच्या दिवशी मी उंबऱ्यात बसून होतो. दुपारी चंद्राबाई बाहेर आली. "सुटली बगा! मायलेकी खुशाल हायत. पर मास्तर, तुमी पुन्यांदा मला त्वांड दावू नगा!"

बारशाला सगळी गिऱ्हाइकं हजर! त्या वर्षी त्यांच्यातल्या कुणाच्याच घरी पाळणा हलला नव्हता. शिंप्यानं माझा हात हातात घेतला आणि अगदी मनापासून म्हणाला, "मास्तर, तुमचा माल लई नामी हाय. येकदा तुमी बी वापरून बगा की!"