आवळीकडे जाण्याची परवानगी

म्हैसूरबाहेर येलवालच्या पुढे हुणसूर रस्ता सोडून डावीकडे वळलं की थोड्या अंतरावर एक तळं लागतं. तळ्याकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर आता लोखंडी फाटक आहे आणि फाटकावर पाटी: 'निसर्गाशी पुन्हा नातं जोडा.' खाली बारीक अक्षरात, परवानगीशिवाय आत येऊ नये. ही पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून खाली उतरलेली नाही. ज्यांनी तार ओढून नातं तोडलं, तेच ते जोडायला बोलावतात. वर पाटीला बांबूची चौकट.

आम्ही म्हैसूरचे मराठी, किती पिढ्यांचे ते आम्हालाही सांगता येत नाही. वडील शिंपी होते, मी सरकारी हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि जयलक्ष्मीपुरमला राहते. आमच्या विठ्ठल मंदिराच्या मंडळींचं आवळीभोजन दर कार्तिकात त्या तळ्याच्या बांधावर व्हायचं, कारण तिथे एक जुनी, पसरलेली आवळी आहे. झाडाखाली चूल मांडायची, तिथेच शिजवायचं, आवळीची पूजा करायची आणि तिच्याच सावलीत जेवायचं. येलवालला बसमधून उतरून, भांडी काखेत घेऊन, सगळे त्या गाडीवाटेनं चालायचे. वाट कोणाची, हे विचारायचं कुणाला सुचलंही नाही.

नोकरी लागल्यावर मी माझ्या नववीच्या मुलांनाही तिथे नेऊ लागले. बेडकाची आकृती काढून पैकीच्या पैकी गुण मिळवणारी ही मुलं खरा बेडूक दिसला की किंचाळायची आणि दुपारपर्यंत त्यालाच ओंजळीत घेऊन उभी राहायची. मी वर्गात वर्षभर बडबडून जे शिकवू शकत नव्हते, ते त्या चिखलात तीन तासांत व्हायचं. मला एरवी फारसं काही गोड बोलता येत नाही, पण त्या तळ्यावर मी सुखी होते, हे सांगून टाकते.

तिथे एक गवत कापणारी बाई असायची. जवळच्या गावची, माझ्याच वयाची. रोज त्या वाटेनं बांधावर यायची आणि म्हशींसाठी गवताचा भारा डोक्यावरून न्यायची. आमची चूल दरवर्षी तीच पेटवून द्यायची. "तुम्हा शहरातल्यांना पूजा येते, चूल येत नाही," असं कन्नडमध्ये सुनवायची आणि आमच्या लाकडांना नावं ठेवत स्वतःच्या काटक्या आणून द्यायची. पहिलं पान तिला वाढायचं, असा आमचा रिवाजच पडला होता.

मग बेंगळूरच्या कुणीतरी रिसॉर्टसाठी वाटेच्या दोन्ही बाजूंची जमीन घेतली आणि मधली वाटही तिच्यातच धरली. आयत्या बिळावर नागोबा. आम्ही कार्तिकाच्या तयारीसाठी जागा बघायला गेलो तर फाटक, चौकीदार आणि पांढऱ्या बुटांचा एक मॅनेजर. तो इतका नम्र होता की भांडायला जागाच मिळेना. "मॅडम, तुमच्या कम्युनिटीचं स्वागतच आहे," तो म्हणाला. "फक्त एक रिक्वेस्ट लेटर द्या."

त्याच वेळी गवतवाली तिथे आली. चौकीदारानं तिच्यापुढे वही धरली, नाव लिही म्हणाला. तिनं वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझी सासू या वाटेनं गेली, मी या वाटेनं जाते, तू कोण?" असं म्हणत ती तारेखालून वाकून आत गेली. चौकीदारानं वही माझ्यापुढे धरली. मला मनातून फार बरं वाटलं आणि मी मात्र त्या वहीत सही करून आत गेले.

रविवारी मंदिरात बैठक झाली. मी म्हणाले, ही सरकारी वाट आहे, गावच्या नकाशात असणार, आपण तहसीलदाराकडे जाऊ. मंदिराचा कारभार बघणारे माझे मामा हसले.

"कशाला गं जगळ-भांडण? आपण वर्षातनं एक दिवस जाणार. सुम्ने, गुमान एक लेटर देऊन टाकू. तुझं कन्नड चांगलं आहे, तूच लिही."

"वाट आपली असताना परवानगी कशाची मागायची, मामा?"

"मागितलं तर काय झिजतं का आपलं? मोठी माणसं आहेत, अडजस्ट करायचं. भांडून कुणाचं बरं झालंय?"

हे आमच्या लोकांचं जुनं दुखणं. इतक्या पिढ्या या गावात काढल्या तरी आम्ही पाहुण्यासारखे वागतो. दुकानाच्या पायरीवर कुणी गाडी लावली तर आम्ही त्यालाच विचारतो, आम्ही जरा बाजूनं गेलो तर चालेल का. या स्वभावाला आम्ही संस्कार म्हणतो. मला त्याचा संताप येतो, आणि तरी पत्र मीच लिहिलं.

नुसतं लिहिलं नाही, मन लावून लिहिलं. शाळेची सगळी कार्यालयीन पत्रं लिहिणारी मी, त्यात काही उणं ठेवणार होते थोडीच. 'आपल्या मालकीच्या जागेतून आम्हास एक दिवस जाऊ देण्याची कृपा करावी, आम्ही आपले सदैव ऋणी राहू.' खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मामांनी ते दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मला, खरं सांगते, अभिमान वाटला.

त्या वर्षीचं आवळीभोजन मला आठवतं ते अपमान म्हणूनच. मनगटाला कागदी पट्टा बांधून आत सोडलं. चूल पेटवायला मनाई, म्हणून घरून डब्यात नेलेला गार मसालेभात. आवळीच्या खोडावर तिचं नाव लिहिलेली पत्र्याची पाटी खिळ्यांनी ठोकलेली. शेजारी कुठल्याशा महागड्या शाळेची मुलं रांगेत उभी होती आणि एक गाईड त्यांना पंख वाळवत बसलेला पाणकावळा दाखवून सांगत होता, हे बदक आपलं स्वागत करतंय. मी त्याला तिथल्या तिथे दुरुस्त केलं. तो म्हणाला, "आंटी, प्लीज, सेशन चालू आहे." चिखलात उतरायला त्या मुलांनाही बंदी होती.

गवतवाली त्या दिवशी दिसली नाही. तोवर तारेखाली आणखी दोन तारा आल्या होत्या. तिच्यासाठी वाढलेलं पान तसंच राहिलं.

पुढे काही महिन्यांनी ती पत्ता विचारत विचारत माझ्या दारात आली. गावानं वाटेसाठी तहसीलदाराकडे अर्ज केला होता आणि अधिकारी जागा बघायला येणार होता. गावातले काहीजण आता त्या मालकाकडेच कामाला होते, ते बोलणार नव्हते. "तुम्ही इतकी वर्षं आलात, मेडम," ती म्हणाली. "शिकलेल्या आहात, बाहेरच्या आहात. तुमचं ऐकतील. एवढं सांगा की ही वाट होती."

मी तर वाटच बघत होते. जुने सहलीचे फोटो काढले, काय काय बोलायचं ते कागदावर उतरवलं, मनातल्या मनात मॅनेजरला दहा वेळा गप्प केलं. ठरल्या दिवशी फाटकापाशी उभं राहून मी अधिकाऱ्याला सगळं सांगितलं. तो शांतपणे लिहून घेत होता. गवतवाली माझ्या शेजारी पदर खोचून उभी होती.

मग मॅनेजरनं प्लास्टिकच्या फाइलीतून माझं पत्र काढलं.

अधिकाऱ्यानं ते मोठ्यानं वाचलं. कन्नड खरोखरच सुरेख होतं. "हे तुमचंच?" त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. "वाट सर्वांची होती तर 'आपल्या मालकीच्या' असं का लिहिलंत? परवानगी का मागितलीत?" मी म्हणाले, ते सौजन्य होतं, आमच्यात असंच लिहितात. तो म्हणाला, "मेडम, कागदात सौजन्य नसतं." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि अवलक्षण माझं एकटीचं असतं तरी चाललं असतं.

गवतवालीनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "नीवे बरेदिद्दा?" तुम्हीच लिहिलंत? मी मान हलवली.

निकाल यायचा तसाच आला. नकाशातली रेघ पुसट होती, माझं पत्र स्पष्ट होतं. वापरणारेच परवानगी मागत होते, तेव्हा वहिवाट सिद्ध होत नाही. गावाला तळ्याला पूर्ण वळसा घालून पलीकडून जाण्याची मोकळीक आहे, असं त्यात उदारपणे लिहिलं होतं. मामा म्हणाले, "पण आपलं वर्षाचं परमिशन आहे ना, मग झालं तर." त्यानंतर मी त्यांच्याशी धड बोललेले नाही, आणि मी आवळीलाही गेले नाही.

यंदा कार्तिक लागायच्या आधी गवतवाली पुन्हा आली. गुडघा सुजला होता. डोक्यावर भारा घेऊन तो वळसा आता होत नाही, म्हशी विकाव्या लागतील, म्हणाली. मी तिला खुर्ची दिली, ती जमिनीवरच बसली.

"मेडम, मला एक पत्र लिहून द्या."

मी उठून कागद घेतला. आता तहसीलदाराच्या वर जाऊ, असं म्हणत मी लिहायला लागले: आमच्या पिढ्यानपिढ्यांच्या वाटेनं जाण्याचा आमचा हक्क. तिला वाचून दाखवलं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"हे नको. हे भांडण झालं. त्या मॅनेजरला द्यायचंय. तुम्ही तुमच्यासाठी लिहिलं होतं ना, तसंच लिहा. त्यानं फाटक उघडतं."

मी तिला खूप समजावलं. ती ऐकून घेत गुडघा चोळत राहिली आणि शेवटी म्हणाली, म्हशींना संध्याकाळी वैरण लागते.

मी नवीन कागद घेतला. 'आपल्या मालकीच्या जागेतून' इथून सुरुवात केली. शब्द सगळे पाठ होते. लिहून झाल्यावर तिनं निळ्या शाईत अंगठा बुडवून खाली उमटवला आणि कागद वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत बसली.