वाढत्या अंगाचा पखवाज

माझी चुलत बहीण पंचफुलाबाई जळकोटजवळच्या खेड्यात राहते. बायकांच्या भजनी मंडळात पखवाज तीच वाजवते. लहानपणी तिच्या हाती कुणी वाद्य दिलं नाही. रिकाम्या डब्यावर थापा मारत ती शिकली. राग तिच्या नाकावर असतो आणि बहुतेक वेळा तो रास्तच असतो.

सात वर्षांची नात तनुजा मांडीवर ताल धरू लागली, तेव्हा पंचफुला मुलाला म्हणाली, "भागवत, पोरीच्या हाताला बसंल असा लहान पखवाज आण."

भागवत लातूरला माझ्याकडे आला. मी सोबत वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने लहान पखवाज पुढे ठेवला, तर याने मोठ्या माणसाचा उचलला.

"अरे, तिचे हात पोचायचे नाहीत."

"मामा, लेकरू वाढायलंय. दरसाल नवा घेऊ का?"

गणवेश घ्यावा तसा वाढत्या अंगाचा पखवाज! बाही दुमडता येते. पखवाज कुठून दुमडणार? मी त्याला चांगलं झापलं, पण त्याने ऐकलं नाही.

पुढे गावी गेलो, तर पखवाज कोपऱ्यात पडलेला. तनुजा दाराआड उभी.

"तिला गोडीच न्हाई," भागवत म्हणाला. "खांदे दुखतेत म्हणे. मंडळाला देऊन टाकतो. पुन्हा वाजवायचं नाव काढायचं न्हाई."

माझं डोकं फिरलं. पण मी बोलण्याआधीच पंचफुला आतून तरातरा आली. हातात कैलासवासी नवऱ्याचे, दगडोबांचे जोडे.

"घाल पायात."

"आई, मामा बसलेत..."

"मामासमोरच घाल. बाप धिप्पाड होता तुझा. तूबी वाढशीलच की! जा, गावच्या येशीपतुर जाऊन ये."

भागवत अंगणात उतरला. चौथ्या पावलाला एका पायातला जोडा मागेच राहिला. शेजारची केवळाबाई भिंतीवरून म्हणाली, "काय रं, नवरदेव निघाला का?"

"थांबलास का?" पंचफुला कडाडली. "चालायची गोडी न्हाई व्हय तुला?"

दाराआडून तनुजा खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी आजी-नात लातूरच्या त्याच दुकानात. लहान पखवाजावर तनुजाचे दोन्ही तळवे सहज टेकले, खांदे उचलले नाहीत. पहिलीच थाप नीट पडली.

मागे उभा भागवत पुटपुटला, "अन् मोठ्याचं काय करायचं?"

"ऱ्हाऊ दे कोपऱ्यात," पंचफुला त्याच्याकडे न बघताच म्हणाली. "हात पोचले की तिची ती उचलंल. तवर तू हात लावू नको."